किती बोटं

कतुरेबे म्हाताऱ्याकडे जायचं तर
म्बरारा सोडून, डांबर संपतं तिथून पुढे पाऊण तास.
लाल धूळ दातांत कचकचते,
केळीच्या बागा दोन्ही अंगांनी सरकत राहतात,
आणि मोटरसायकलवर माझ्या मागे बसलेली असीइम्वे,
परवाच रुजू झालेली,
पिशवी पोटाशी धरून ओरडून विचारते,
"सिस्टर, आत गेल्यावर आधी काय करायचं?"
बूट काढायचे, म्हटलं. मग बसायचं.
उभ्या माणसाला कुणी दुखणं सांगत नाही.

आमच्याकडे दुखणं बोटांवर मोजतात.
मिटली मूठ म्हणजे काही नाही.
मग एक बोट, दोन, तीन...
सगळा पंजा उघडला
की पुढे मोजायला काही उरत नाही.

म्हाताऱ्यानं दोन बोटं दाखवली.
त्याच्या पाठीला उशी देऊन उभी असलेली
त्याची बायको केंबाबाझी
अवाक्षर न काढता
चार.

वहीत मी चार लिहिलं.

बाटली दाराच्या उजेडात धरली. हिरवं मॉर्फिन
सोमवारी होतं तिथंच, जवळजवळ गळ्यापाशी.
"फार कडू लागतं का?"
"कडवटपणाचं काय," तो म्हणाला,
"रोज थोडं थोडं खाली उतरतं ते.
तळ दिसला की मीही आटपलो.
म्हणून पुरवून पुरवून घेतो."

एकवीस वर्षं झाली मला या वाटेवर.
पुरवून वापरलेलं मीठ पाहिलंय, रॉकेल पाहिलंय,
पण हे ऐकलं की अजून
हातातलं झाकण फिरवायला विसरते मी.

म्हातारबा, म्हटलं, ही बाटली तुला मोजत नाही.
ही संपली की दुसरी. ती संपली की मी पुन्हा येईन.
गाय विकत घेताना दात बघावेत
तसा तो माझ्याकडे बघत राहिला.
"म्हणजे हा डबा नाही," शेवटी म्हणाला, "झरा आहे."
आणि चमचा तोंडात घेऊन
सगळा चेहरा चुरगाळला.
असीइम्वे हसली, मग घाबरली हसली म्हणून.
तोही हसत होता.

तिसऱ्या आठवड्यात झोप आली त्याला, खरीखुरी,
आणि झोपेतून उठून त्यानं बिहोगोला मागितलं.
बिहोगो म्हणजे गडद तांबडी गाय,
तिची शिंगं दारातून आत यायची नाहीत.
मग खाटच अंगणात काढली.
मुलगा कंपालाला, शेजारी बाजाराला,
तेव्हा दावं धरलं मी.
आमच्या अभ्यासात कूस बदलणं होतं,
तोंड ओल्या कापसानं पुसणं होतं,
गाय धरणं नव्हतं.
तिनं त्याचा तळवा चाटला, खरखरीत जिभेनं,
बराच वेळ. त्याची मूठ
मिटलेली नव्हती, उघडलेलीही नव्हती.
किती, ते मी विचारलं नाही.

गुरुवारी पहाटे निरोप आला.
पोचलो तेव्हा केंबाबाझीनं त्याला धुऊन, डोळे झाकून ठेवलेलं.
माझ्याकडे राहिलं ते कागदाचं काम:
उरलेलं मॉर्फिन, अठ्ठ्याऐंशी मिलिलिटर,
मोजलं, लिहिलं, दोघींच्या सह्या.
असीइम्वेचा हात कापत होता, तिची सही ओघळली.

बाटली पिशवीत ठेवताना
केंबाबाझीनं हात पुढे केला.
मला वाटलं, निरोपाचा.
तिनं पाचही बोटं उघडली,
तशीच धरून ठेवली.

यावर पिशवीत काही नसतं.
असीइम्वेनं माझ्याकडे पाहिलं,
मग कुणी न सांगता
बूट काढले, आणि बसली.

उन्हं वर आली. आणखी दोन घरं बाकी होती.
लाकडी बुधलीतलं दूध आलं आमच्यापुढे,
धुरानं धुपवलेलं, बिहोगोचं,
कोमट.
आम्ही प्यालो.